नान फेकणारी

शिळ्या नानाला बुरशी लागते तेव्हा आधी पांढरे ठिपके येतात, मग हिरवे. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला तर पाच-सहा दिवसांत आतून काळपट पाणी सुटतं. हे इनोबत खालाला जितकं ठाऊक होतं तितकं उभ्या ताश्कंदात दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. माहीत करून घ्यायची हौस तरी कुणाला होती म्हणा. बाकीच्यांचं काम पिशवीला गाठ मारून ती कचराकुंडीशेजारच्या तुतीच्या फांदीला अडकवण्यापुरतं. तेवढं केलं की पुण्य पदरात पडलं. नान कचऱ्यात टाकायचा नाही, हे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. तुकडा जमिनीवर पडला तर उचलायचा, ओठांना लावायचा, कपाळाला लावायचा आणि पाखरांसाठी उंच जागी ठेवायचा. नान पालथा ठेवायचा नाही, सुरीने कापायचा नाही, घरातल्या थोरल्या माणसाने हाताने तोडायचा. सगळं खरं. पण चार इमारती, बारा जिने, दोनशेचाळीस घरं. पाखरांनी खाऊन खाऊन खायचं तरी किती?

तेव्हा ती तुती वर्षभर पिशव्यांनी लगडलेली असे. उन्हाळ्यात गांधीलमाश्या, हिवाळ्यात उंदीर आणि बारा महिने तो आंबूस, ओलसर वास. बायका झाडाखालून जाताना डोक्याचा रुमाल नाकावर ओढत आणि त्याच हाताने कपाळाला बोटं लावून अन्नाला मानही देत. अन्नाचा मान राखत नाक दाबणारी ही माणसं बघून हसावं की ओकावं, हे इनोबतला कळत नसे.

ती सातव्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर राहायची. ठेंगणी बाई, बोटांचे पेर लाल आणि सुजलेले. एकतीस वर्षं बालवाडीच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटल्या घासल्याची ती खूण. नवरा ट्राम चालवायचा, तो कधीच गेला. मुलगा आणि सून रशियात कझानला कामाला गेले ते तिकडचेच झाले, आणि त्यांची मुलगी ओयदिन पाचव्या वर्षापासून आजीच्या कुशीत वाढली. आजीला ती बुवी म्हणे. आता ओयदिन बावीस वर्षांची होती, दवाखान्यात परिचारिका होती, आणि चौथ्या जिन्यातल्या लतोफतच्या मुलाशी, मिरकोमिलशी, तिचं ठरत आलं होतं. नोव्हेंबरात नान तोडायचा विधी व्हायचा होता. दोन्ही घरची माणसं बसतात, एक थोर बाई नान दोन्ही हातांत धरून मधोमध तोडते, एक अर्धा मुलाकडे जातो, एक मुलीकडे. नान तुटला की सोयरीक पक्की. मग मागे फिरणं नाही.

आणि तो नान इनोबतच तोडणार होती. नात तिची होती म्हणून, पण तेवढ्यासाठीच नव्हे. मोहल्ल्यात हे काम नवरा जिवंत असलेल्या बाईकडे जातं, तशी रीत आहे. तरी या विधवेला लोक अठरा वर्षं बोलवत होते. तिने तोडलेल्या नानाच्या एकेचाळीस जोड्या होत्या आणि त्यांतल्या दोनच मोडल्या. "खालाचा हात लागला की संसार चिकटतो," असं बायका म्हणायच्या. इनोबतला आयुष्यात दुसरं काही मिरवण्यासारखं मिळालं नव्हतं. ना पदक, ना दागिना. लोकांच्या मुलींसाठी एकेचाळीस नान तोडले, आता एक आपल्या मुलीसाठी तोडायचा, एवढ्यावर तिचं सगळं अडलं होतं.

त्या लगडलेल्या तुतीचा तिला सहा वर्षांपूर्वी असह्य वीट आला. एका सकाळी वरून एक पिशवी फुटली आणि ते काळं पाणी शाळेला निघालेल्या ओयदिनच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं. त्या दिवशी इनोबत जिन्याजिन्याने फिरली. प्रत्येक जिन्यात एक तोंडाळ बाई शोधली. तोंडाळच हवी होती, कारण जी सगळ्यांच्या चौकशा करते तिलाच दार उघडलं जातं. अशा बारा जणी झाल्या. बालवाडीच्या जुन्या पडद्यांच्या बारा पिशव्या इनोबतने स्वतः शिवल्या. नियम तीनच. उरलेल्या नानाचे त्याच दिवशी तुकडे करायचे, सज्जात किंवा खोली गरम ठेवणाऱ्या तापकावर कडकडीत वाळवायचे, आणि गुरुवारी सकाळी आपल्या जिन्यातल्या बाईकडे द्यायचे. ओला तुकडा दिसला तर अख्खी पिशवी परत.

कालव्यापलीकडे मातीच्या जुन्या घरांत एर्गाश राहायचा, त्याच्याकडे पाच गायी. तो गुरुवारी हातगाडी घेऊन यायचा, वाळके तुकडे न्यायचा आणि त्याच्या बदल्यात रोज तीन किटल्या दूध धाडायचा. ते दूध कुणाकडे जायचं हे बाराजणी ठरवायच्या. कुठे बाळंतीण असे, कुठे अंथरुणाला खिळलेला म्हातारा, कुठे नवऱ्याने टाकलेली. दूध घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नसे, कारण नान त्याचाही असायचा.

या पिशव्यांनी आणखी एक काम केलं, जे इनोबतच्याही डोक्यात नव्हतं. दुसऱ्या जिन्यातली म्हातारी कोरियन बाई, व्हेरा पाक, दर गुरुवारी चार तुकडे का होईना द्यायचीच. एका गुरुवारी तिचं दार उघडलं नाही. जिन्यातल्या बाईने दार ठोठावून ठोठावून शेवटी कुलूप फोडायला लावलं. व्हेरा न्हाणीघरात खुबा मोडून दोन दिवस पडून होती. तेव्हापासून ज्याची पिशवी आली नाही त्याच्या दारावर थाप पडायचीच. सरकारी दवाखान्याला जे जमलं नाही ते पडद्याच्या पिशव्यांनी केलं. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं. तुती मोकळी झाली, आणि लोक तिची फळंसुद्धा खायला लागले.

आणि मग ते तुर्गुन अकांना कळलं.

तुर्गुन अका म्हणजे मोहल्ला समितीचे अध्यक्ष. अशा माणसाला इथे ओक्सोकोल म्हणतात, म्हणजे पांढरी दाढी. यांची दाढी मात्र रोज घोटलेली आणि अत्तर लावलेली. सहा वर्षं त्यांच्या खिडकीखालून हातगाडी जात होती, पण त्यांना ती दिसली नव्हती. शहरातून पत्र आलं की प्रत्येक मोहल्ल्याने आपापला 'नवा सामाजिक उपक्रम' कळवावा, तेव्हा ती दिसली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा.

ते घरी आले, चहा प्याले, दोन वाट्या बेदाणे संपवले.

"खाला, काम झकास आहे तुमचं. पण ह्या पडद्याच्या पिशव्या, म्हणजे, बघणाऱ्याला कसं वाटेल? फोटोत भिकार दिसतं."

"फोटो कुणाला काढायचाय, अका? गायीला?"

"तुम्ही थट्टाच करता. एक लोखंडी पेटी बसवू. हिरवी. वर गव्हाची ओंबी रंगवायची. ज्याला हवं तेव्हा त्याने येऊन नान टाकावा. घरोघर फिरायची दगदग नको तुमच्या बायकांना."

"फिरतात म्हणून तर चालतंय, अका. पेटी विचारेल का, ओला की वाळका?"

"लोक काय अडाणी आहेत का, खाला?" तुर्गुन अका हसले आणि उठले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खाली उतरून बघायचं नसतं.

पेटी सप्टेंबरात बसली. फीत कापली. भाषण झालं. मोहल्ल्याच्या आपुलकीच्या जाळ्यातून कशी नवी वाट फुटली, असं तुर्गुन अका बोलले आणि इनोबतला तिसऱ्या रांगेत उभी केली, कारण पहिल्या दोन रांगांत साहेब होते. किल्ली समितीच्या कचेरीत राहिली.

मग जे व्हायचं तेच झालं. "आता पेटी आहे ना," म्हणत बाराजणी एकेक करून घरी बसल्या. कुणी कुणाच्या दारावर थाप मारेना, आणि कुणी कुणाला ओल्या तुकड्यावरून बोलेना. पेटीला तोंड नव्हतं आणि पेटीत टाकणाऱ्याला नाव नव्हतं, त्यामुळे जे पूर्वी शेजारणीच्या हातात द्यायला लाज वाटायची ते बिनदिक्कत आत जायला लागलं. रस्सा सांडलेला, तेलात भिजलेला, पोरांनी चावून टाकलेला, महिनाभर फ्रीजमागे पडलेला. त्यातून ऑक्टोबर म्हणजे लग्नांचा मोसम. इथे पंगतीत नान कमी पडला तर सात पिढ्या बोलतात, म्हणून माणशी तीन तीन रचतात, आणि माणूस तोडतो अर्धा. चौथ्या जिन्यातल्या लतोफतने धाकट्या मुलाच्या सुंतेचा पुलाव घातला तीनशे माणसांना. दुसऱ्या दिवशी तिच्याकडून दोन पोती पेटीत गेली, वर चरबीचा थर तसाच. पेटी भरली तेव्हा लोकांनी पिशव्या पेटीच्या कडेला रचल्या. आठवडाभर पाऊस लागला होता. कचेरीची किल्ली तुर्गुन अकांच्या खिशात, आणि तुर्गुन अका फरगण्याला भाचीच्या लग्नात.

ते परतले तेव्हा इनोबतने पेटी उघडवली. झाकण वर गेलं तसा आतून कोमट वाफेचा भपकारा आला, जणू आत काहीतरी जिवंत होतं. होतंच. वरचा थर हिरवा, त्याखाली काळा, त्याखाली गुलाबी चिकट लगदा, आणि त्यात पांढऱ्या अळ्या. बालवाडीत एकतीस वर्षं पोरांच्या उलट्या पुसलेली बाई, पण ती भिंतीला धरून ओकली. तुर्गुन अका तोवर वीस पावलं लांब जाऊन उभे होते.

त्याच्या आधीच्याच गुरुवारी कडेच्या पिशव्यांतला माल एर्गाशने नेला होता. इनोबत बघायला नव्हती, ओयदिनला घेऊन कापड बाजारात गेली होती. एर्गाश तिसऱ्या दिवशी दारात आला, टोपी हातात.

"खाला, माझी गाभण गाय मेली."

इनोबतने दार पूर्ण उघडलं.

"रात्रभर पाय झाडत होती. डॉक्टरने पोट फाडलं, आत सगळा हिरवा लगदा. तुमचा माल म्हणून मी पिशवी उघडूनही पाहिली नाही. सहा वर्षांत कधी पाहावी लागली नव्हती." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "दूध आजपासून नाही. राग मानू नका."

"राग मी कसला मानू, एर्गाशजान," ती म्हणाली. "आत ये, चहा घे."

"नको, खाला," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आता तो सडका ढिगारा उरला. पेटी आणि पेटीभोवती मिळून वीसेक पोती होतील. इनोबत मशिदीतल्या दोमलाकडे, म्हणजे मौलवीकडे, गेली. दोमला भला माणूस. त्याने दोन ग्रंथ चाळून सांगितलं की अन्न सडलं तर ते जनावराला घालू नये, पायदळी येणार नाही अशा स्वच्छ मातीत पुरावं. झालं. मोहल्ला सुटला. ज्याला त्याला विचारा, "पुरायचं, खाला, पुरायचं." कुठे, ते मात्र कुणी सांगेना. चारही इमारतींभोवती सगळं डांबर आणि गाड्या. माती काय ती तळमजल्यावाल्यांच्या खिडक्यांखालच्या बागांत.

पहिल्या जिन्यातला म्हणाला, माझ्या गुलाबांना रोग लागेल. सहाव्यातली म्हणाली, उंदीर घरात शिरतील. नवव्यातल्या निवृत्त मास्तरांनी अन्नाच्या पावित्र्यावर अर्धा तास बोलून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "माझ्या बागेत नको, पण भावना मला पटते." इनोबतने मग रविवारी हशर पुकारला. सगळा मोहल्ला कुदळ-फावडी घेऊन उतरतो आणि अंगमेहनतीने एखादं काम उरकतो, ती जुनी रीत. कालव्याकाठी पडीक पट्टा होता, तिथे खड्डा खणू म्हणाली. दोनशेचाळीस घरांना निरोप गेला. रविवारी सकाळी कालव्याकाठी कोण आलं? इनोबत, ओयदिन आणि कुबडी घेतलेली व्हेरा पाक.

"मी खणू शकत नाही," व्हेरा म्हणाली, "पण मला घरी बसवेना."

तिघींनी तासभर खणलं तेव्हा कालवा खात्याचा माणूस सायकलवरून आला आणि काठ खणायला बंदी आहे म्हणाला. गुडघाभर खड्डा तिघींनीच परत बुजवला. वर सज्जांतून लोक बघत होते. एकाने वरून ओरडून विचारलंसुद्धा, "खाला, झालं का पुरून?"

सोमवारी सकाळी तुर्गुन अकांनी गाठलं.

"बुधवारी शहरातून साहेब येतायत पेटी बघायला. हे इथून गेलं पाहिजे."

"कुठे नेऊ?"

"ते तुम्ही बघा. तुमचाच उपक्रम आहे."

"भाषणात तर तुमचा होता, अका."

"खाला, शब्दात पकडू नका. मी काही नान कचऱ्यात टाका म्हणत नाहीये, तोबा तोबा." त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "मी फक्त म्हणतोय की बुधवारी तो इथे नसावा."

ह्या माणसाच्या तोंडावर थुंकावं असं इनोबतला वाटलं. पण थुंकून ती वीस पोती हलणार नव्हती. रात्री उंदीर पहिल्या मजल्यापर्यंत चढायला लागले होते. सातव्या जिन्यातल्या एका लेकराने जमिनीवरचा तुकडा उचलून तोंडात घातला होता, शिकवलेलं होतं तसं, आधी कपाळाला लावून. ते पोर तीन दिवस सलाईनवर होतं. ओयदिननेच ती सुई लावली होती.

मंगळवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली. इनोबतने रबरी हातमोजे घातले, नाकाला रुमाल बांधला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

"भाऊ, मागचं झाकण उघड. ह्या पोत्यांना हात लाव जरा."

ड्रायव्हरने एका पोत्याचं तोंड उघडून बघितलं आणि मागे सरला.

"खाला, हा नान आहे."

"दिसतंय मला."

"मी मेलेलं कुत्रं उचलीन. नान नाही उचलणार. टाकायचा तर तुम्ही टाका, मी बघणार नाही." आणि तो खरंच गाडीच्या पुढे जाऊन पाठ करून बिडी ओढत उभा राहिला. काय पण सोवळं. गाडी त्याची, चाक त्याचं, नेणार तोच. फक्त हात इनोबतचा.

ती बिस्मिल्ला म्हणाली आणि पहिलं पोतं ओढलं. बुडाशी फाटलं आणि लगदा तिच्या बुटांवर सांडला. तो तिने दोन्ही ओंजळींनी भरून आत टाकला. दुसरं. तिसरं. पाचव्या पोत्याला हातमोजा फाटला, तो तिने काढून फेकला आणि उघड्या हातांनी चालू ठेवलं. वर चारही इमारतींचे सज्जे भरले होते. कुणी खाली उतरलं नाही. कुणी ओरडलंही नाही. एका सज्जातून मोबाईल तिच्यावर रोखलेला होता. रडू येत होतं की घाम होता, हे तिचं तिलाही कळलं नाही. वीस पोती संपली तेव्हा दीड तास झाला होता. तिने फरशीवर पाणी मारलं, पेटी घासली, गव्हाची ओंबी स्वच्छ दिसायला लागली. बुधवारी साहेबांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. पेटीशेजारी, म्हणजे.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ घरोघर पोचला. 'नान फेकणारी' असं वर लिहून. शेवटी मोहल्ल्याचं जाळं कामाला आलंच. ज्या बाराजणींना ओला-वाळका तपासायला वेळ नव्हता, त्यांना हे पुढे धाडायला मात्र वेळ होता. दुसऱ्या दिवशी दुकानात इनोबतने नान उचलला तशी शेजारच्या बाईने आपला हात आखडता घेतला. उंदीर गेले, वास गेला, सगळ्यांनी खिडक्या उघडल्या, आणि इनोबत खाली उतरली की त्याच खिडक्या लागायच्या.

विधीला चार दिवस उरले असताना लतोफत आली. अंगावर नवा मखमली अंगरखा, एक हात मागे. चहा घेतला, साखरेचे खडे चघळले, हवापाणी झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांतली ती. इनोबतने तिला बोलू दिलं.

"इनोबत आपा, तुम्ही आता आमच्या विहीणबाई होणार. तुमच्यापासून काय लपवायचं. मला स्वतःला काहीच नाही. पण मिरकोमिलचे वडील, त्यांच्या आत्या, जुनी माणसं आहेत. म्हणतात, ज्या हाताने…" ती थांबली. "म्हणजे, तो हात नानाला लागला तर पोरांच्या संसाराला बरं नव्हे, असं ते म्हणतात. मी नाही."

"मग कोण तोडणार?"

"दोमलाची बायको. तसंही आपा, रीत बघायला गेलं तर नवरा असलेलीनेच तोडायचा असतो. आजवर लोकांनी तुमचा मान ठेवला."

स्वयंपाकघरातून ओयदिन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"लतोफत खाला, पेटीतली दोन पोती तुमच्या पुलावाची होती."

"ओयदिन, आत जा," इनोबत म्हणाली.

"बुवी, पण…"

"आत जा म्हणते ना."

लतोफतचे कान लाल झाले, पण ती उठली नाही. पोरगी आत गेल्यावर तिने मागचा हात पुढे आणला. हातात काळी पिशवी, तोंडाशी तीन गाठी.

"आपा, एवढं एक. सुंतेच्या वेळचे काही नान राहून गेलेत, माळ्यावर. वास यायला लागलाय. आम्हाला काही टाकता यायचे नाहीत, तुम्हाला माहीत आहेच. पण तुमचा हात तर आता…" पुढचं तिने साखरेच्या खड्याबरोबर गिळलं.

इनोबत त्या पिशवीकडे बघत राहिली. तळाशी काळं पाणी जमलं होतं. ही बाई तिची नात नेणार होती. उद्या ओयदिनच्या पानात वाढणारे हात हे. पिशवी तिच्या मखमलीवर उलटी करावी आणि सोयरीक गेली चुलीत, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. पण आतल्या खोलीत पोरीने मिरकोमिलचा फोटो उशीखाली ठेवलेला तिने पाहिला होता.

"दाराशी ठेव," ती म्हणाली. "जाता जाता."

विधी झाला. दोमलाच्या बायकोने नान तोडला. वाकडा तुटला, पण कुणी काही बोललं नाही. इनोबत बायकांत शेवटून दुसरी बसली होती. सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवून आमीन म्हटलं, तिनेही म्हटलं. ओयदिन रडत होती. मुली रडतातच, असं सगळे म्हणाले.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी इनोबतने दार उघडलं तर ते अर्धंच उघडलं. बाहेर पिशव्या होत्या. मोजल्या तर एकोणतीस. माळ्यांवरच्या, फ्रीजमागच्या, सज्जांतल्या, गेले तीन महिने लोकांना ना खाता येत होते ना टाकता येत होते असे सगळे नान. जिन्याजिन्याने नीट वेगवेगळे रचलेले, आणि काहींवर तर जिन्याचा आकडा घातलेला. कुणालाही दारावर थाप मारावीशी वाटली नव्हती.

ओयदिनने दोन पिशव्या उचलल्या. "मी एकेक नेऊन त्यांच्या उंबऱ्यावर ओतते."

"ठेव खाली."

"बुवी, घाण आहे ही. माणसं घाण आहेत."

"आहेत," इनोबत म्हणाली. "पण तुला ह्याच माणसांत नांदायचंय. ठेव."

तिने सात खेपा केल्या. ड्रायव्हर तिला बघताच न सांगता पाठ करून उभा राहिला. आता त्याला सवय झाली होती. घरी येऊन तिने हात साबणाने धुतले, मग सोड्याने, मग पुन्हा साबणाने, सुजलेल्या पेरांची सालं निघेपर्यंत.

संध्याकाळी ओयदिनने दस्तरखान पसरला, चहा ओतला आणि तंदूरमधून आणलेला गरम नान रोजच्याप्रमाणे बुवीसमोर ठेवला. इनोबतने हात पुढे केला. वर तीळ होते, कडा फुगलेल्या, वाफ येत होती. नानापासून चार बोटांवर हात थांबला. तिला स्वतःच्या बोटांची शिसारी आली. सगळा मोहल्ला जे म्हणत होता ते खोटं आहे, हे तिला पक्कं माहीत होतं, तरी हात पुढे जाईना.

"तू तोड," ती म्हणाली.

"तू समोर असताना मी कशी तोडू, बुवी?"

"तोड, ओयदिन." इनोबतने दोन्ही हात मांडीवर घेऊन रुमालाखाली झाकले. "आणि माझा तुकडा वेगळ्या बशीत ठेव."